हात वर न करता

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा फोन आला होता. छातीच्या ऑपरेशनला चार महिने झाले, जखम भरली, तरी तू शाळेत शिकवायला जात नाहीस, दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतेस, असं म्हणाले. मला सांगायचं नाही असं तू बजावलं होतंस म्हणे. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे तुला लग्नापासून ठाऊक आहे.

माझं कपड्यांच्या दुकानातलं काम ठीक चाललंय. दर्शनी काचेतली मांडणी दर पंधरवड्याला बदलायची, पुतळ्यांना कपडे चढवायचे, मागून टाचण्या लावून ते अंगासरसे बसवायचे. परवा मनात आलं, एका बाजूने सपाट छातीचा पुतळा करून त्याला सुरेख शर्ट घालावा. तुझ्यासारख्या कितीतरी जणी येता-जाता बघतील. मालकीणबाई तयार आहेत, पण तुला विचारल्याशिवाय करणार नाही.

राग आला तर सरळ लिही, पण लिही.

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. बाहुलीवालीस,
अ. उ. आ.

राग आलाच. लोकांनी थांबून बघावं म्हणून तुझी काच असते. मला कुणी बघू नये म्हणून मी घरात बसले आहे. माझं दुखणं दिव्याखाली उभं करू नकोस.

आणि मी आरशाला घाबरते असं तुम्हा सगळ्यांना वाटतं, ते खरं नाही. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्यावरून काही घालायचं तर तुझ्या भावोजींना हाक मारावी लागते. गेल्या आठवड्यात ते बाहेर गेलेले असताना स्वेटर अर्ध्यात अडकला. ते परत येईपर्यंत पाऊण तास मी तोंड लोकरीत घेऊन कॉटवर बसून होते. हे कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी दुसऱ्याच्या हातून कपडे चढवून घ्यायचे आणि मग वर्गात जाऊन पोरींना ताठ बसा म्हणायचं, हे मला जमत नाही.

पत्र फाडून टाक. स्टुलावर चढण्याआधी ते डुगडुगतंय का बघत जा. रागावले तरी आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही, पण कुणाला दाखवलंही नाही. चुकलंच माझं. तुला काय हवंय ते न विचारताच मी दिवे लावायला निघाले होते.

तुझं पत्र आल्यावर दुसऱ्या दिवशी डावा हात शालीने कमरेशी बांधला आणि दुकानभर फिरले. पुढून उघडणारे सगळे कपडे वरच्या दांडीवर. ट्रायल रूममधला हूक माझ्या डोक्याच्याही वर. सहा वर्षं ही मांडणी मीच करतेय.

मग काचेचा नाद सोडला. आत, ट्रायल रूमशेजारी, कमरेच्या उंचीवर एक दांडी लावली. पूर्ण उघडणारे, मोठ्या बटणांचे कपडे तिच्यावर ठेवले. हूक खाली आणला, आत एक खुर्ची ठेवली. पाटी लिहिली, ‘हात वर न करता घालता येणारे कपडे’. दुखण्याचं नाव कुठेही नाही. कोपऱ्यात कोण बघणार, असं मालकीणबाईंचं म्हणणं. महिनाभर राहू दे म्हणाल्या.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे खांदा आखडलेले एक आजोबा. त्यांनी बायकांचा शर्ट उचलला, बटणं उलट्या बाजूला आहेत म्हणून कुरकुर केली आणि तोच घेऊन गेले. मग हात प्लास्टरमध्ये असलेली एक मुलगी आली, मग तान्ह्या बाळाची आई. आता मालकीणबाई स्वतःच पुरुषांचे शर्ट मागवतायत.

तुला काही पाठवत नाही. पाठवलं तर कपाटात ठेवशील. मनात येईल तेव्हा ये, माया असू दे.

तुझी,
धाकटी

१७ मार्च

चि. बाहुलीवालीस,
अ. उ. आ.

गेल्या मंगळवारी मी दुकानात येऊन गेले. मंगळवारी तुझी सुट्टी असते हे ठाऊक होतं म्हणूनच. तुझ्या भावोजींना बाहेरच उभं केलं.

दांडीपाशी माझ्याच वयाच्या एक बाई होत्या, शाल माझ्यासारखीच छातीशी धरून. करड्या शर्टाला आम्हा दोघींचा हात एकदमच लागला. तुम्हीच घ्या, मला पिवळा जास्त शोभतो, असं त्या म्हणाल्या. आम्ही एकमेकींना काहीच विचारलं नाही.

खुर्चीवर बसून शर्ट घातला. एकटीने, सगळी बटणं लावून. मग तिथेच बसून रडले. बाहेर रांग लागली असेल तर माझ्या वतीने माफी माग.

शनिवारी तपासणीचा निकाल आला. आजाराचा मागमूस नाही, आता सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून तुझे भावोजी दवाखान्याच्या जिन्यात मटकन खाली बसले. त्यांना मी उठवलं.

काल शाळेत गेले. वर्गात आधी हजेरी घेतली. मग मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, बाई, शर्ट कुठून घेतला. इतक्या महिन्यांत माझ्याकडे बघून कुणी शर्टाविषयी विचारलं नव्हतं. मी तुझ्या दुकानाचा पत्ता फळ्यावर लिहून दिला.

ट्रायल रूमच्या दाराची कडी मात्र अजून वरच आहे, आणि एका हाताने सरकत नाही. मला दार पायाने दाबून धरावं लागलं. तेवढी खाली घे, आणि रविवारी जेवायला ये.

तुझी,
ताई