आईच्या निधनाची नोंद रद्द करून सहलीची रजा मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (आस्थापना),
मध्यवर्ती कार्यालय, तिसरा मजला.

मार्फत : प्रमुख, जल तपासणी प्रयोगशाळा.

विषय : माझी आई हयात असताना कार्यालयीन नोंदीत तिचे निधन दाखविल्याबाबत, व त्यामुळे अडकलेली माझी रजा आणि तिचे उपचार कार्ड मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : १) माझा रजेचा अर्ज, दि. ४ सप्टेंबर.
२) आपल्या कार्यालयाचे शोकपत्र, दि. ११ सप्टेंबर.
३) माझे अर्ज, दि. १२ सप्टेंबर, १९ सप्टेंबर व ३ ऑक्टोबर (उत्तर अप्राप्त).

महोदय,

१. सविनय सादर करते की, मी वरील प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे सहायक रसायनतज्ज्ञ आहे. या काळात सलग चार दिवसांपेक्षा जास्त रजा मी घेतलेली नाही. हे कौतुक व्हावे म्हणून लिहीत नाही. तशी वेळ आली नव्हती, यंदा आली.

२. माझी आई, वय ७४, नकाशा कार्यालयात नकाशे काढत असे. बत्तीस वर्षे तिने दुसऱ्यांनी मोजलेल्या नद्या आणि डोंगर शाईने गिरवले. स्वतः एकही पाहिला नाही. एका उष्ण देशाचा एक भाग तिला तीनदा काढावा लागला, कारण तिथे खोदकाम चालू होते आणि दर खेपेला नवे काही सापडत होते. तिथे डोंगर पोखरून केलेली, तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजांची थडगी आहेत. भिंतींवरची चित्रे अजून रंगासकट शाबूत आहेत. आईने नकाशावर त्यांच्या जागी मोहरीएवढे काळे चौकोन काढले. त्या चौकोनांच्या आत काय आहे ते एकदा बघायचे, असे तिच्या मनात तेव्हापासून आहे.

तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, चेहऱ्याभोवतीची खोली दिसते. दर सहा आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. त्याने झीज थांबत नाही, सावकाश होते. नेत्रतज्ज्ञांच्या अंदाजाने उजव्या डोळ्याला रंग ओळखण्याइतके या हिवाळ्यापुरते दिसेल. पुढच्या हिवाळ्याबद्दल विचारले की ते चष्मा पुसायला घेतात.

आईने मात्र ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्या चित्रांतली माणसं सगळी बाजूनंच काढलेली असतात. मलाही आता बाजूनंच दिसतं. जमेल आमचं."

३. त्यानुसार आम्ही दोघींनी सहलीची आखणी केली. त्या प्रदेशाचे दहा वर्षांचे मासिक तापमान मी काढले. जूनमध्ये दुपारी ४२ अंश सेल्सिअस, डिसेंबरमध्ये २४. आईला उन्हाची तिरीप सोसत नाही, त्यामुळे २ ते १३ डिसेंबर हेच दिवस शक्य होते. आईने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून जाड पेनाने नकाशा काढला. त्यात नदी, आमची राहण्याची जागा, औषधांची दुकाने आणि जिथे टेकून बसता येईल अशा सावल्या आहेत. सावल्या तिने सूर्याच्या दिशेवरून काढल्या. मी पडताळून पाहिल्या, बरोबर आहेत.

थडग्यांत उताराचा लांब बोळ आणि पायऱ्या आहेत. म्हणून ऑगस्टपासून आम्ही रोज इमारतीचे चार मजले पायऱ्यांनी उतरण्याचा सराव केला. पायऱ्या बहात्तर. पहिल्या दिवशी अकरा मिनिटे लागली, आता सहा लागतात. तळमजल्यावरचे शिंपीकाका पहिल्या दिवशी म्हणाले, "आजी, लिफ्ट बंद पडली की काय?" आई म्हणाली, "लिफ्ट चालू आहे. राजाकडे चाललेय, तिथं लिफ्ट नाही."

४. दि. ४ सप्टेंबर रोजी मी बारा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज केला. 'रजेचे कारण' या रकान्यात मी लिहिले : "आईसोबत प्राचीन थडगी पाहणे." ही माझी चूक असल्याचे मला नंतर सांगण्यात आले. मी 'पर्यटन' लिहायला हवे होते. परंतु पर्यटन म्हणजे बरेच काही होते आणि आम्ही थडगीच पाहणार होतो. एकोणीस वर्षे नमुन्याच्या चिठ्ठीवर आहे तेच लिहिण्याची सवय आहे, ती रजेच्या अर्जावर सुटली नाही.

आस्थापना शाखेतील लिपिकांना संगणकात कारण स्वतः लिहिता येत नाही, यादीतून निवडावे लागते. यादीत आजारपण, विवाह, प्रसूती आणि निधन एवढेच पर्याय आहेत. त्यांनी 'थडगी' वाचून निधन निवडले. पुढच्या रकान्यात संगणकाने मयताचे नाते विचारले. माझ्या वाक्यात नात्याचा शब्द एकच होता.

५. दि. ११ सप्टेंबर रोजी आपले शोकपत्र प्रयोगशाळेत पोहोचले. मी आतल्या खोलीत क्षारांचे मोजमाप करीत होते. बाहेर येऊन पाहते तर सर्व कर्मचारी रांगेत उभे होते, म्हणून मीही उभी राहिले. प्रमुखांनी दोन मिनिटे स्तब्धता जाहीर केली. ती एक मिनिट अडतीस सेकंद पाळली गेली. त्यानंतर सर्वजण माझ्याकडे वळले तेव्हा कुणाचे काय झाले ते मला कळले. मी घरी दूरध्वनी केला. आईने उचलला आणि म्हणाली, "येताना दोडकी आण." हे मी सर्वांना सांगितले. प्रयोगशाळेच्या परिचर काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, बसा जरा. धक्का बसला की असं होतं."

६. दुसऱ्याच दिवशी मी आस्थापना शाखेत गेले. लिपिकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले. त्यांचे म्हणणे पुढीलप्रमाणे, मी तिथेच टिपून घेतले : "बाई, थडगं म्हटलं की माणूस गेलेलंच असतं की नाही? मी मनानं काही घातलं नाही. आता नोंद पडलीय. ती काढायची तर दुरुस्तीचा फॉर्म, आणि त्यावर संबंधित व्यक्तीची सही."

मी फॉर्म घरी नेला, आईची सही घेतली, परत आणला. लिपिकांनी सांगितले की ही सही नोंदीनंतरच्या तारखेची असल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही.

मी आईचा हयातीचा दाखला आणला. नकाशा कार्यालय निवृत्तिवेतनासाठी तो दर नोव्हेंबरात देते, इतर महिन्यांत देत नाही. लिपिक म्हणाले, "हा गेल्या नोव्हेंबरचा. तेव्हा होत्या, मी कुठं नाही म्हणतोय? पण नोंद सप्टेंबरची आहे."

दि. १९ सप्टेंबर रोजी मी आईलाच घेऊन आले. आपल्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. आई तीन मजले चढली. आम्ही चढण्याचा सराव केलेला नव्हता. लिपिकांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "आजी, माझी काही शंका नाही हो. तुम्ही समोर बसलाय. पण मी काय लिहू? 'बसलेल्या दिसल्या' असा रकाना नाही."

आई म्हणाली, "तुमचा चेहरा मला दिसत नाहीये, पण आवाज ऐकतेय. मी म्हटलं का, की तुम्ही नाही आहात म्हणून?"

लिपिक हसले. मीही हसले. नोंद तशीच राहिली.

७. येथवर प्रकरण केवळ रजेचे होते. माझा अर्ज आता शोकरजेचा म्हणून प्रलंबित होता, आणि एक रजा प्रलंबित असेपर्यंत दुसरी मागता येत नाही, त्यामुळे मला पुन्हा अर्जही करता येत नव्हता. परंतु दि. ९ ऑक्टोबर रोजी आई ठरलेल्या इंजेक्शनसाठी विभागाच्या रुग्णालयात गेली, तेव्हा तिचे उपचार कार्ड बंद असल्याचे आढळले. नोंदीप्रमाणे माझ्यावर आता कुणीही अवलंबून नाही.

हे औषध आमच्या शहरात फक्त त्या रुग्णालयाच्या शीतपेटीत असते आणि कार्डावरच मिळते. परगावाहून आणलेले औषध नेत्रतज्ज्ञ टोचत नाहीत, कारण वाटेत ते थंड राहिले की नाही याची खात्री देता येत नाही. याबाबतीत त्यांचे बरोबर आहे. ते म्हणाले की दोन आठवडे उशीर चालेल, त्यापुढे जे जाईल ते परत येणार नाही. दोन आठवडे दि. २३ ऑक्टोबर रोजी पूर्ण होतात.

गेल्या रविवारपासून आई टेबलावरचा नकाशा नाकाशी धरून वाचते. सोमवारी तिने मला विचारले, "नदी निळ्यानं काढली होती ना मी?" नदी निळीच आहे.

८. या सोमवारी लिपिकांनी मला बाजूला घेऊन एक मार्ग सुचवला. त्यांचा हेतू चांगला होता. शोकरजा तीन दिवसांची असते. ती मी घेतल्याचे लिहून दिले की प्रकरण बंद होते, आणि मग सहलीची रजा त्याच दिवशी मंजूर होऊ शकते. "एक सही करा आणि मोकळ्या व्हा," असे ते म्हणाले. सहीच्या वर छापलेले वाक्य असे आहे : "माझ्या आईचे निधन झाले असून वरील माहिती खरी आहे." ही सही केल्यास उपचार कार्ड कायमचे बंद होते. न केल्यास नोंद उघडी राहते, रजा मिळत नाही आणि कार्डही बंदच राहते. मी हे कागदावर चौकट आखून चारही बाजूंनी तपासले. ज्यात आईचा डोळा आणि सहल दोन्ही राहतील असे घर त्यात नाही.

आई म्हणते, "कर सही. नाव तर माझंच जातंय ना, तुला काय टोचतंय?" मी केलेली नाही. मी न तपासलेल्या नमुन्यावर आजवर सही केली नाही, आणि हा तर मी रोज सकाळी तपासते. ती साडेपाचला उठते, मला हाक मारते, आणि मी उठले नाही तर पुन्हा मारते.

९. तरी विनंती की,
(अ) निधनाची नोंद आपल्या अधिकारात रद्द करून, दि. २३ ऑक्टोबरपूर्वी आईचे उपचार कार्ड सुरू करण्याचे आदेश व्हावेत.
(आ) दि. २ ते १३ डिसेंबर या काळातील माझी अर्जित रजा मंजूर व्हावी. कारणाच्या रकान्यात आपणांस योग्य वाटेल तो शब्द घालावा, माझी हरकत नाही.
(इ) दोन्ही एकदम शक्य नसल्यास फक्त (अ) करावे. तसे झाल्यास सहलीची रजा मी मागे घेते आणि पुन्हा मागणार नाही.

कामाच्या व्यापात आपला वेळ घेतला, त्याबद्दल दिलगीर आहे. उत्तराची वाट मी प्रयोगशाळेतच पाहत आहे.

आपली विनीत, व आज कामावर हजर,
(सही)
सहायक रसायनतज्ज्ञ
दि. १७ ऑक्टोबर

सोबत : १) हयातीचा दाखला, गेल्या नोव्हेंबरचा. २) नेत्रतज्ज्ञांचे पत्र. ३) आईचे आजच्या वर्तमानपत्रासह छायाचित्र. ४) शोकपत्र, मूळ प्रत, परत.

टीप : सही करण्यापूर्वी हा अर्ज मी आईला वाचून दाखवला. पुढील मजकूर तिने सांगितला व मी शब्दशः उतरवला आहे. शेवटचा शब्द तिने स्वतः जाड पेनाने लिहिला आहे.

"साहेब, मुलगी घाबरली आहे. शेवटची (इ) तिने मला न विचारता घातली, ती खोडावी. इंजेक्शन देऊन मला आमच्या घराचीच भिंत दाखवायची असेल, तर ती मला पाठ आहे. औषध द्या आणि रजाही द्या. दोन्हींतलं एकच देणार असाल तर रजा द्या, उरलेल्या डोळ्यात मी भागवीन. खाली सही करते, ती ग्राह्य नसली तरी ठेवा.

मयत"