पाठीत खंजिरी

शनिवार, ३ ऑगस्ट

मेहुण्याच्या कराओकेचा आज नव्वदावा शनिवार. दवाखान्याच्या वरचा तोच हॉल, त्याच खुर्च्या, तोच खरखरणारा डावा स्पीकर. माझं गाणं सुरू झालं तेव्हा समोर बावीस माणसं होती. पहिल्या कडव्यानंतर सोळा. त्यातली तेरा मोबाईलमध्ये. पुढच्या रांगेतल्या एक बाई चक्क स्वेटर विणत होत्या.

दोष गाण्यात नाही. तेच गाणं मी पावणेदोन वर्षं गातोय, त्यामुळे तयारीचा प्रश्नच येत नाही. दोष लोकांच्या रिकाम्या हातांचा आहे. हात रिकामा असला की मोबाईलकडे जातो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, अहो, मग लोकांच्या हातात वाजवायला काहीतरी का देत नाही? खुळखुळे, डफल्या, काहीबाही. नेमकं हेच माझ्या मनात येत होतं. आलंच होतं, फक्त तोंडातून बाहेर पडायचं राहिलं होतं.

नोंद: कल्पना माझी.

रविवार, ४ ऑगस्ट

बाजारातून आणलं: खंजिऱ्या चार, खुळखुळे दहा, झांजांच्या जोड्या सहा, घुंगरांचे पट्टे चार. एकूण नग चोवीस. माळ्यावरची जुनी लोखंडी पेटी खाली काढली. प्रत्येक नगावर रंगाने नंबर टाकले. खंजिरी नंबर एक सगळ्यात सुरेल आहे.

ऑफिसात आवक-जावक विभाग मी एकोणीस वर्षं सांभाळतोय. माझ्या टेबलावरून एकही कागद गहाळ झालेला नाही. (दोन झाले, पण ते शिपायामुळे.) तीच पद्धत इथे. वहीत रकाने: गाणाऱ्याचं नाव, नग क्रमांक, घेणाऱ्याची सही, परत आल्याची वेळ. सही नाही तर खुळखुळा नाही.

संकल्प: १) रोज सकाळी साडेपाचला रियाज. २) आइस्क्रीम बंद.

सोमवार, ५ ऑगस्ट

गजर वाजला नसावा. ही म्हणते तीनदा वाजला, शेजारचे उठले.

शनिवार, १० ऑगस्ट

जिन्यात मोठा बोर्ड लावला होता. लाल अक्षरात: “वर साथ सुरू आहे. सर्वांनी सहभागी व्हावे.”

सात वाजेपर्यंत वर कुणी फिरकेना. खाली जाऊन पाहिलं तर लोक तोंडाला रुमाल लावून पहिल्या पायरीवरून परत जात होते. दवाखान्यातला कंपाउंडर बोर्ड काढून काखेत धरून उभा होता. म्हणाला, साहेब, कसली साथ ते तरी लिहा, आमच्याकडे सकाळपासून चौकशीला लाइन लागलीय. संगीताची भाषा समजणारे लोक राहिले नाहीत.

हॉलमध्ये नऊ माणसं. जावक: नग दोन. सुरुवात आहे.

येताना आइस्क्रीम. एकच. घसा तापला होता.

मंगळवार, १३ ऑगस्ट

हिची दाढ दुखते आहे. आपल्या कराओकेतल्या डेंटिस्टबाईंकडेच ट्रीटमेंट सुरू केली. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी एक तास. रूट कॅनल असणार. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली, तुमचा रियाज बुडेल. इतकी समजूतदार बायको कमी लोकांना मिळते.

शनिवार, १७ ऑगस्ट

विजय! विजय! विजय!

माझं नाव पुकारलं आणि लोक खुर्च्यांवरून उठून पेटीकडे धावले. धावले हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. चोवीसपैकी चोवीस नग गेले. एक गृहस्थ घाईघाईने सही करता करता म्हणाले, लवकर द्या हो, सुरू होईल तुमचं. एवढी ओढ! काय वाजवली लोकांनी! मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. शेवटी सगळे घामाघूम झालेले आणि हसत होते. एकही माणूस उठून गेला नाही.

त्यानंतर डेंटिस्टबाई गायल्या. वाईट वाटलं. एकाही माणसाने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसते गप्प बसून राहिले बिचारीसमोर. रकान्यात काय लिहिणार? ऑफिसात काहीच आलं-गेलं नसेल तर आम्ही लिहितो तेच लिहिलं: निरंक.

त्यांना धीर द्यायला जवळ गेलो. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, साथ मिळवायला वर्षं जातात. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं असावं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

आता पेटीत टोप्यासुद्धा. शिंप्याकडून चमकीच्या बारा शिवून घेतल्या, शिवाय काळे गॉगल आणि कागदी पंखे. शिंपी स्वतःही दर शनिवारी येतो, त्यामुळे त्याला लोकांची नाडी कळते. म्हणाला, साहेब, माझं ऐका, मागणी कानटोप्यांची आहे. हॉलचा एसी फार गार असेल. मेहुण्याला सांगायला हवं.

माझं गाणं: चोवीस. मेहुणा: तीन. शिंपी: दोन. डेंटिस्टबाई: निरंक.

गुरुवार, ५ सप्टेंबर. सकाळी सहा.

बाथरूममधून हिचा “आ” ऐकू आला. बराच वेळ. मग जरा वरचा “आ”. मग त्याहून वरचा. दारावर टकटक करून विचारलं, फार दुखतंय का? आतून म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, तोंड उघडायचा व्यायाम आहे. दुखण्यातसुद्धा स्वर हलत नव्हता. सहनशक्ती म्हणावी ती ही.

एका दाढेला एवढ्या सिटिंग्ज? डेंटिस्टबाई गाण्यासारख्याच कामातही बेताच्या दिसतात.

शनिवार, १४ सप्टेंबर

मेहुण्याने माईकवर घोषणा केली. बारा ऑक्टोबरला शंभरावा शनिवार. मोठा कार्यक्रम, सगळ्यांनी कुटुंबासह यायचं. आणि समारोपाचं गाणं, हे त्याचे शब्द, “आमच्या घरचंच माणूस गाणार.”

हॉलभर टाळ्या. घरचं माणूस! मेहुण्याच्या घरचं, म्हणजे त्याच्या बहिणीच्या घरचं, म्हणजे कोण हे सांगायला ज्योतिषी नको. मी मान खाली घालून बसलो. असल्या वेळी मान खाली घालायची असते.

मला हे गाणं हवं होतं. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो. ही पहिल्या शनिवारी आली होती, माझं गाणं झालं आणि डोकं दुखतंय म्हणून गेली. त्यानंतर अठ्ठ्याण्णव शनिवार होतील, आली नाही. शंभराव्याला मी समारोप करणार, ही समोर बसून ऐकणार. बस, एवढंच.

हिला बातमी दिली. हिच्या हातातून चमचा पडला. आनंदाने.

शनिवार, २१ सप्टेंबर

कोट शिवायला टाकला. शिंप्याने माप घेता घेता विचारलं, काय विशेष? म्हटलं, समारोप. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बोलला नाही, पण दोनदा खोकला.

संकल्प: बारा तारखेपर्यंत थंड काही नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

आइस्क्रीम दोन. एक हिच्या वाटणीचं. दाढेमुळे तिला चालत नसणार.

शनिवार, ५ ऑक्टोबर

काहीतरी शिजतंय. हॉलमध्ये शिरलो तेव्हा मेहुणा आणि डेंटिस्टबाई कुजबुजत होते. मला बघून गप्प. नंतर मेहुण्याने बाजूला घेतलं. भावोजी, म्हणाला, शंभराव्याला गर्दी असेल, तुम्ही पेटीवरून हलू नका, तुमच्याशिवाय ते कुणाला जमत नाही. म्हटलं, आणि माईक? त्याने पाण्याची बाटली उघडली आणि संपेपर्यंत प्यायला.

घात आहे. डेंटिस्टबाईंनी त्याला फितवलंय. निरंकवाल्यांचा गट. पण रक्ताचं नातं आहे, माझ्या नाही तरी हिच्या. मेहुणा एवढा घसरणार नाही.

ही म्हणाली, मी येणार आहे शनिवारी. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

शनिवार, १२ ऑक्टोबर. सव्वानऊ.

क्रमाने लिहितो.

कोट बरोबर बसला. ही पुढच्या रांगेत, स्वेटरवाल्या बाईंशेजारी. ठेवणीतले कपडे घालून. हॉल गच्च, मागे माणसं उभी. मेहुणा माईकवर आला आणि म्हणाला, आता समारोप, आमच्या घरचं माणूस. मी उठलो. कोटाचं बटण लावलं. खंजिरी नंबर एक हातात होती, ती तशीच घेऊन स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवला.

मेहुणा म्हणाला, ताई, ये.

ही माझ्या शेजारून वर गेली. पाय पायरीवर तसाच राहिला. मग मी तो खाली घेतला आणि पेटीपाशी जाऊन बसलो, कारण तिथली खुर्ची माझी आहे.

ही गायली.

पेटी उघडी होती. कुणी आलं नाही. मी वही पुढे सरकवली, पेनचं टोपण काढून ठेवलं, तरी नाही. दुसऱ्या ओळीला स्वेटरवाल्या बाईंनी सुया खाली ठेवल्या. डावा स्पीकरसुद्धा खरखरला नाही. खंजिरी माझ्या हातात होती, आणि तिची एक चकती चुकून वाजेल म्हणून मी बोटाने दाबून धरली होती. ते का, मला माहीत नाही.

गाणं संपल्यावर कुणी लगेच टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. नंतर वाजवल्या. बराच वेळ.

सवयीने वही ओढली. हिचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: निरंक. मग आधीची पानं उलटून पाहिली. चांगल्या गाणाऱ्यांच्या नावांसमोर सगळीकडे तोच शब्द. माझ्यासमोर चोवीस, चोवीस, चोवीस.

आकड्यांचा अर्थ लावणं हे माझं काम नाही. मी आवक-जावक.

रविवार, १३ ऑक्टोबर

दाढ धडधाकट आहे. कधी दुखलीच नव्हती. मंगळवार-गुरुवार डेंटिस्टबाईंकडे गाण्याचा रियाज चालायचा. दवाखाना बंद झाल्यावर, खुर्चीवर बसून.

दुपारी मेहुण्याला गाठलं. आधी टाळाटाळ. मग म्हणाला, भावोजी, रागावू नका, लोक यायचे बंद झाले होते. मी तुम्हाला बंद करणार होतो. दोन ऑगस्टला ताईला फोन करून तसं सांगितलं. ती म्हणाली, त्यांना थांबवू नकोस, आठवडाभर ते शनिवारची वाट बघतात. लोकांना ऐकवत नसेल तर लोकांच्या हातात काहीतरी वाजवायला दे. ते वाजवतील, हे गातील, कुणाचंच नुकसान नाही.

दोन ऑगस्ट. म्हणजे माझ्या मनात कल्पना यायच्या एक दिवस आधी.

शिंप्याला माहीत होतं. डेंटिस्टबाईंना माहीत होतं. कंपाउंडरलासुद्धा माहीत होतं. मी एकटाच सह्या घेत बसलो होतो. लोकांच्या पाठीत खंजीर खुपसला जातो. माझ्या पाठीत खंजिरी. आणि ती विकत मीच आणली, नंबरही मीच टाकला.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

हिच्याशी अबोला. व्यवहार चिठ्ठीने. माझी चिठ्ठी: “चहा.” तिचं उत्तर: “दूध फ्रिजमध्ये, हात तुमच्यापाशी.” आवक-जावक दोन्ही नोंदवलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

अबोला मी मोडला. मोठेपणा कुणीतरी दाखवायला हवा. (चष्मा सापडत नव्हता.) चष्मा मिळाल्यावर विचारलं, चोरून कशाला? घरी गायची होतीस.

म्हणाली, घरी जागा कुठे होती? सकाळी तुमचा रियाज नसला तर रियाजाची तयारी असते. आणि एकवीस वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का, तुला गाता येतं का म्हणून?

विचारलं असेन. आठवत नाही. विचारायचं राहून गेलं असण्याचीही शक्यता आहे.

मी म्हटलं, आणि पेटी? तो तर उघड विश्वासघात. हसायला लागली. म्हणाली, अहो, मी तुम्हाला चोवीस माणसांची साथ मिळवून दिली, ती कुठे दिसत नाही तुम्हाला.



शनिवार, १९ ऑक्टोबर. संध्याकाळी साडेसहा.

कराओकेला गेलो नाही. संकल्प: पुन्हा पाऊल ठेवणार नाही. पेटी घरी आणून कुलूप लावलं. किल्ली कपाटावर.

हीही गेली नाही. मेहुण्याचे तीन फोन आले, तिने उचलले नाहीत.

मनात आलं, आतापर्यंत जे ऐकलं ते मेहुण्याच्या त्या फाटक्या स्पीकरमधून आणि दोन डझन नगांच्या गोंगाटात. माझा खरा आवाज या बाईने ऐकलाय कुठे? हिला म्हटलं, बस समोर. माईक नाही, खुळखुळे नाहीत, कुणी नाही. फक्त तू ऐक आणि खरं काय ते सांग. जे असेल ते मान्य.

बसली. हात मांडीवर ठेवून, शहाण्यासारखी. मी डोळे मिटून सुरुवात केली. पहिली ओळ झाली. खोलीत शांतता. ती शांतता, शंभराव्या शनिवारची. निरंक, म्हटलं, आज माझ्या नावापुढे निरंक.

दुसऱ्या ओळीला खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, डोळे पुसायला रुमाल आणत असेल. मग कपाटावरची किल्ली खणखणली.

डोळे उघडले तेव्हा ही पेटीशेजारी उभी होती. खंजिरी नंबर एक काखेत धरून, वहीवर वाकून, रीतसर सही करत होती.