हुसेनच्या हातचं कालवण

शु. १५ नोव्हें.
इंग्रजी पेपरात स्तंभ छापून आला. शराफियातल्या खानावळीचं बांगड्याचं कालवण. दिवसा कंपनीचं स्टोअर सांभाळतो, अठरा वर्षं जेद्दाभर खातोय, लिहितोय. असा घास क्वचित. मी मराठीत लिहितो, थोरली लेक सना इंग्रजी करते. पहिल्यांदाच स्वयंपाक्याचं नाव दिलं. 'हुसेन, गुहागरकडचा. इकाम्यावर ड्रायव्हर, पण हाताला चव आईची.' वाक्य जमलं.

रवि. १७
मालकाने कात्रण काचेच्या दारावर चिकटवलंय. हुसेन लाजला. "घरी वाटतं मी ट्रक चालवतो."

मंगळ. १९
 तपासणीवाले आले, दारात थांबून कात्रण वाचलं, आणि आत जाऊन नावानेच विचारलं. हुसेन बाहेर गाडीतून कांदे उतरवत होता. मीच, म्हणाला. नेलं.
इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, एक काम, हाताला दुसरं. सरकारने कागद दुरुस्त करायला दिलेली मुदत संपल्यापासून यासाठीच माणसं उचलतात. हे मला ठाऊक नव्हतं का? रोज तेच तर बोलतो सगळे.
सना म्हणाली, "अब्बा, मैंने पूछा था, ये लाइन रखूँ?"
विचारलं होतं. ठेव, म्हणालो होतो.

गुरु. २१
मालक घरी आला. चहा घेतला नाही. म्हणाला, चूक झाली असं छापा. हा फक्त माल आणतो, शिजवत नाही. बाहेर गाडीपाशी सापडलाय, त्याला व्हिसावर आणणारा कफील तो पेपर घेऊन जाईल, सोडतील कदाचित. नाहीतर गावी, आणि परत येणं बंद.
न चाखलेलं कधी लिहिलं नाही. आता चाखलेलं नाकारायचं. खोट्या साक्षीबद्दल गावच्या मौलवींनी लहानपणी…

शु. २२
जुम्मा. दुआला हात उचलले, तसेच खाली घेतले.
परत पाठवायच्या माणसांना ठेवतात त्या तरहीलमधून हुसेनचा फोन. शिव्या देईल वाटलं. देता तर बरं होतं.
"नसीरभाई, लिहा बिनधास्त. हुसेनला चूल पेटवता येत नाही म्हणून लिहा." स्वतःच हसला. मग म्हणाला, "पण कालवण बरं होतं ना?"
हो म्हणालो. फोन कापला गेला होता. ऐकलं की नाही, कळलं नाही.

शनि. २३
एवढंच लिहून झालंय: 'ते कालवण हुसेनने केलेलं नव्हतं.'
संपादकांना संध्याकाळच्या मगरिबपूर्वी हवं. असरची बांग झाली. सना कागद न्यायला दारात उभी आहे. कागद अजून माझ्याच हाताखाली.