आमच्या गॅलरीतला धूर

४ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही. पण लढा मोठा आहे, उद्या आठवायची वेळ आली तर कागद हवा.

२६ तारखेला आरोग्य अधिकाऱ्यांपुढे सुनावणी. शाळेच्या मागे जुन्या बॅटऱ्या वितळवण्याची भट्टी आहे आणि तिच्या धुराने मुलं खोकतात. आमची हवा समिती सहा जणांची. अध्यक्ष मी, गेली सतरा वर्षं, बिनविरोध. धूर मोजणारी तीन यंत्रं लावली आहेत. एक शाळेत, एक डॉक्टरांच्या गच्चीवर, एक आमच्या गॅलरीत. महिन्याभराचे आकडे आले. सगळ्यात वाईट हवा आमच्या घरची! फार अभिमान वाटला.

संकल्प: सभेत कमी बोलायचं.

५ मार्च
कमी बोलले. पट्टी म्हणाली, पाऊण तास झाला.

पट्टी म्हणजे आमची सचिव. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं एका बाकावर. समास आखल्याशिवाय तिने आजवर एक ओळ लिहिलेली नाही, म्हणून पट्टी. मी हेड गर्ल, ती वर्गाची मॉनिटर. माझ्या वेण्या मधल्या सुट्टीपर्यंत हमखास सुटायच्या, आणि डबा बाजूला ठेवून तीच घालून द्यायची. एवढा जीव. आता माझं बोलणं घड्याळ लावून मोजते.

९ मार्च, दुपारी
शोध लागला! गॅलरीतल्या यंत्राचा आकडा दिवसातून दोनदा उसळतो. सकाळी सहा दहाला आणि दुपारी पावणेचारला. सहाला मी फिरायला जाते. साडेतीनला जरा पडते. याचा अर्थ सरळ आहे. भट्टीचा मॅनेजर माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी नसताना धूर सोडतो. घाबरतो मला.

यांना सांगितलं. (हेही समितीत आहेत. सहावा सभासद हवा म्हणून घेतलं, सभेत पेंगतात.) हे बराच वेळ एकाच कुंडीला पाणी घालत राहिले. मग म्हणाले, असेल बुवा, माणसं फार कावेबाज असतात हल्ली.

१० मार्च
आज फिरायला न जाता गॅलरीत दबा धरून बसले. आकडा जागचा हलला नाही. म्हणजे मॅनेजरला आधीच कळलं! आपल्यात कुणीतरी फितूर आहे. हे म्हणाले, तू आपली फिरायला जा, तब्येत आधी, बाकी सगळं नंतर. माझी इतकी काळजी लग्नानंतर पहिल्यांदाच. बिचारे सारखे पेपरमिंट चघळतात. धुराने घसा धरतो यांचा.

हेही सुनावणीत सांगायचं.

१४ मार्च
पट्टी आली. चहा नको म्हणाली, तेव्हाच ओळखलं. म्हणाली, अगं, ऐक माझं, तुमच्या गॅलरीचे आकडे सुनावणीत नकोत. रविवारी भट्टी बंद असते, तरी तुमचा आकडा उसळतोच. म्हटलं, चोर काय रविवारी सुट्टी घेतो? ती यांच्याकडे बघायला लागली. हे पेपर वाचत होते. कालचा.

माझ्यावर विश्वास ठेव, म्हणाली. का ते विचारू नकोस.

मग मीही बोलले. हेड गर्लचा बिल्ला मला मिळाला ते तुला अजून पचलेलं नाही, म्हटलं. ती म्हणाली, बाई गं, तुला तो धड लावताही येईना, मीच लावून दिला होता. आणि गेली.

नंतर वाईट वाटलं. फोन उचलला होता. मग वाटलं, चूक तिची आहे, तिने करावा.

२५ मार्च
तिचा फोन नाही. अकरा दिवस.

भाषण पाठ झालं, बारा मिनिटांचं. गॅलरीचा ग्राफ चादरीएवढा छापून घेतला. समितीला विचारलं नाही. अध्यक्षाने काय ऊठसूट विचारायचं?

२६ मार्च, संध्याकाळी
लिहवत नाही. लिहिते.

हे पाय दुखतो म्हणून आलेच नाहीत. मी ग्राफ उलगडला. मॅनेजरला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. दुष्ट वगैरे दिसत नाही, सारखा चष्मा पुसतो. त्याने विचारलं, ताई, आपण राहता कुठे? सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे नदीपलीकडे, शाळा आणि डॉक्टर सोडून माझा धूर एवढ्या लांब खास तुमच्याकडे येतो? म्हटलं, हो, वेळ बघून येतो. लोक हसले. मला वाटलं, त्याला हसले.

अधिकारी बाईंनी विचारलं, आणि रविवारी?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पट्टी उठली. म्हणाली, मॅडम, तिसरं यंत्र चुकीच्या जागी लागलंय, ते आकडे समिती मागे घेते, आपण शाळेचे बघा. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समास आखलेला एक कागद, पाच मिनिटं, संपलं. हुकूम झाला: धूर गाळण्याची यंत्रणा बसेपर्यंत भट्टी बंद.

जिंकलो. टाळ्या झाल्या. मी ग्राफची घडी घालत होते. घडी बसेना.

घरी येऊन यांना म्हटलं, पट्टीने केसाने गळा कापला. हे खुर्चीत बसले. म्हणाले, तिला काही बोलू नकोस, तो धूर माझा आहे. रोज दोन सिगारेटी. तू फिरायला गेलीस की एक, झोपलीस की एक. यंत्र तिथे लागलं तेव्हा असं होईल हे डोक्यातच आलं नाही. पट्टीला आकड्यांचा संशय आला, तेव्हा तिला सगळं सांगितलं आणि हात जोडले, हिला कळू देऊ नकोस म्हणून.

नऊ वर्षांपूर्वी सोडली होती यांनी. शाळाशाळांतून मी यांचं उदाहरण देते.

सिगारेटचं एक वेळ राहू दे. पण जिच्याबरोबर दहा वर्षं बाक, ज्यांच्याबरोबर पस्तीस वर्षं घर, त्या दोघांचं गुपित होतं आणि त्यात मी नव्हते.

२७ मार्च
राजीनामा लिहिला. इंग्रजीत, वळणदार अक्षरात. कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर वर्गात वाचून दाखवला असता. शेवटी ठासून लिहिलं, तातडीने मंजूर करावा. मंजूर व्हायचा प्रश्नच नाही. सतरा वर्षं झाली, सवय आहे त्यांना माझी. सगळे घरी येतील. पट्टी रडेल. मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा ऐकेन.

यांच्याशी अबोला.

२९ मार्च
सहा कप पुसून ठेवले. बिस्किटं आणली. कुणी आलं नाही. आमचा जिना उंच आहे, सगळ्यांचे गुडघे गेलेत. उद्या येतील.

३० मार्च, रात्री आठ
सभा डॉक्टरांकडे झाली. हे जाऊन आले. अबोला मोडून विचारावंच लागलं. म्हणाले, झाला मंजूर. एकमताने. पट्टीने दोनदा विचारलं, नक्की ना, म्हणून.

किती मतं, विचारलं. पाच, म्हणाले.

बसून मोजली. पट्टी, डॉक्टर, शाळेच्या बाई, औषधांचे दुकानदार. चार. पुन्हा मोजली. चारच. मग यांच्याकडे पाहिलं.

हे म्हणाले, अगं, तूच लिहिलं होतंस ना, तातडीने मंजूर करावा? तुझा शब्द कधी मोडलाय का मी?