आपट्याची नवरी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
भाविकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र काल मिळालं. पेटीत टाकायला म्हणून तू तुझ्या लेकाकडे, हरेशदादाकडे दिलंस आणि ते आठ दिवस त्याच्या शर्टाच्या खिशात राहिलं. उरणजवळच्या द्रोणागिरीहून तू चालत निघाली असतीस तर आधी पोचली असतीस. त्याने आणून दिलेलं कानाचं मशीन तू कपाटात ठेवून दिलंस, हेही कळलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, मशीन लावायचं नाही, म्हणजे आम्ही पत्रं लिहीत बसायचं. बरं बाई, बसते.

प्रणितचं लग्न ठरलं! २० फेब्रुवारीला गावच्या घरी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. पप्पांनी डीजे सांगितलाच आहे, पण मी हट्ट करून लग्नविधीची गाणी म्हणायला धवलारीणही सांगायला लावली. आपली आजी एवढी नावाजलेली धवलारीण, आणि तिच्या नातवाचं लग्न धवले न गाता लागायचं म्हणजे काय!

तर ती धवलारीण परवा घरी आली. आजीचं, गुणाबाईचं नाव ऐकताच तिने कानाच्या पाळीला हात लावला. म्हणाली, गुणाबाय नवरीच्या गाडीत गेली. नवरी आपटा गावची होती, तिला आठ दिवसांत माहेरी धाडली. इतक्यात पप्पा आले आणि ती बिदागीचं बोलायला लागली. पप्पांना विचारलं तर म्हणाले, त्या पांढऱ्या पायाच्या बाईचं नाव घरात नको. पण आजी गेली तेव्हा पप्पा दोन वर्षांचे. त्यांना काय आठवणार? तू अकरा वर्षांची होतीस आणि त्याच गाडीत होतीस, हे मला धवलारणीकडून आत्ता कळतंय.

आजी कशी गेली ते मला सांगशील का? घरात तिचा एक फोटो नाही, कोणी तिची एक गोष्ट सांगत नाही. मला ते लिहून ठेवायचं आहे.

गुडघ्याला तेल लाव. लोभ आहेच, तो भांडणासकट राहू दे.

तुझी,
भाविका


द्रोणागिरी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. भाविकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, त्या भेटीत दाखवीन. मशीन लावलं की कानात कुकरच्या शिट्ट्या होतात, म्हणून ते कपाटात गेलं. प्रणितला सांग, हळदीला आत्या दोन दिवस आधी येणार आणि त्याच्या कानालाही हळद लावणार.

आता तुझा प्रश्न. १९७७ चा वैशाख. भावकीतल्या काशिरामदादाचं लग्न होतं. आपट्याला नवरीच्या दारी लग्न लागलं आणि भाड्याच्या अँबॅसडरमधून नवरी घेऊन आम्ही परत निघालो. पुढे ड्रायव्हर आणि काशिरामदादा. मागे नवरी, आई आणि मी. वाटेत नवरीने गाडी थांबवायला लावली. आई उतरून दाराशी उभी होती. मागून ट्रक आला आणि उघड्या दारासकट तिला घेऊन गेला. आम्हा बाकीच्यांना खरचटलंसुद्धा नाही. एवढंच आहे, यापुढे लिहिण्यासारखं काही नाही.

आईचे धवले मला येत नाहीत. तांदूळ निवडताना ती गुणगुणायची, तेवढा आवाज आठवतो. ज्या गोष्टीची खपली धरली आहे ती उगाच काढू नकोस. लग्नाचं घर आहे, साड्या बघ, याद्या कर.

आत्याची आठवण ठेव, तिच्याकडून काही काढून घ्यायला जाऊ नकोस.

तुझी,
आत्या


खांदा कॉलनी
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावशील हे माहीत आहे, तरी सांगते. मागच्या रविवारी स्कूटी काढली आणि आपट्याला गेले. कमळाबाई भेटल्या. तीच ती नवरी.

आत्या, पप्पांच्या बोलण्यावरून माझ्या डोळ्यांसमोर कोणी कैदाशीण उभी होती. प्रत्यक्षात पाताळगंगेच्या काठी भावाच्या घरापुढे एक बारीकशी बाई वाल सोलत बसली होती. मी गुणाबाईची नात म्हटल्यावर त्या उठून आत गेल्या, हात धुतले, केस विंचरले, मग माझ्यासमोर येऊन बसल्या. अपघाताचं विचारलं तर म्हणाल्या, तुज्या आत्याला विचार. चहा दिला, येताना पिशवीभर वाल दिले.

त्यांनी मला एकच विचारलं. मनीला, म्हणजे तुला, अजून गाडी लागते का? मी हसून सांगितलं, लागते तर! द्रोणागिरीहून पनवेलला येताना अजून नाकाशी लिंबू धरून बसते. त्यांनी मान डोलावली.

त्यांच्या भावाची सून मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. ती म्हणाली, आत्यांना नंतर स्थळं आली होती, पण पहिल्या घराने परत का पाठवली असं जो तो विचारायचा. मग येणंच बंद झालं. घरात कोणाची हळद असली की त्या मागच्या खोलीत बसतात. हाक मारायला कोणी जात नाही, त्याही येत नाहीत. सत्तेचाळीस वर्षं, आत्या.

परत येताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तुला गाडी लागते हे त्यांना कसं माहीत? त्यांनी तर तुला त्या एकाच दिवशी गाडीत पाहिलं असणार. गाडी थांबवायला नक्की कोणी लावली होती?

पत्र फाडलंस तरी चालेल, पण उत्तर लिही.

तुझी,
भाविका


द्रोणागिरी
२ जानेवारी २०२५

चि. भाविकास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी लावली. गाडी मी थांबवायला लावली.

जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले होते. हळदीचा वास, अबोलीच्या वेण्यांचा वास, पेट्रोलचा वास. आपट्याची वेस ओलांडेपर्यंतच मला गाडी लागली. मी आईला सांगितलं, आईने ड्रायव्हरला सांगितलं. मला उलटी झाली. आईने मला परत आत बसवलं आणि दाराशी उभी राहून ती तांब्यातल्या पाण्याने माझं तोंड धूत होती. तिचा ओला हात माझ्या गालावर होता. मग तो नव्हता.

घरी आणल्यावर काशिरामदादाच्या आईने मला सगळ्यांसमोर विचारलं, गाडी वाटेत का थांबली? मग तिनेच विचारलं, नवरीने थांबवायला लावली का गं? मी मान हलवली. एवढंच केलं. मला वाटलं, आई माझ्यापायी गेली हे कळलं तर मला घराबाहेर काढतील. काढलं तिला. ती रडून सांगत होती की मी नाय सांगितलं थांबवायला. पण आई मेलेलं पोर खोटं कशाला बोलेल, असं सगळ्या बायका म्हणाल्या. काशिरामदादाला खरं माहीत होतं. तो खाली मान घालून बसला. त्याने पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं. ड्रायव्हर तर त्याच दिवशी पळून गेला होता, त्याला कोण विचारणार?

नंतर मी पनवेलला शिक्षिका झाले. एकदा माझी बदली आपट्याच्या शाळेवर निघाली होती. वशिला लावून मी ती रद्द करून घेतली. तुझे आजोबा जेवताना तिला शिव्या द्यायचे, त्यांचं ऐकून तुझे पप्पाही द्यायला लागले, आणि मी त्यांना आमटी वाढत राहिले. आईवाचून वाढलेल्या भावाला हे कसं सांगायचं, असं दर वर्षी स्वतःला सांगायचे. खरं तर मला त्याची भीती वाटत होती.

सोबत दुसरं पाकीट आहे. ते कमळाबाईंना नेऊन दे. त्यात हेच लिहिलं आहे आणि क्षमा मागितली आहे. तुझ्या पप्पांना मात्र काही बोलू नकोस. लग्नघरात विघ्न नको.

तुझ्या मनातून मी उतरले असेन. तरी ख्यालीखुशाली कळवणं बंद करू नकोस.

तुझी,
आत्या


आपटा
१९ जानेवारी २०२५

मनीस,
कमळाबाईचा आशीर्वाद.

मना लिवता येत नाय. भावाची नात प्रांजल लिवते. मी बोलते तसंच लिव, तुजं शाळेतलं मराठी त्यात घालू नको, असं मी तिला सांगितलंय.

तुजं पत्र पोचलं. प्रांजलनं दोनदा वाचून दाखवलं. तू लिवतेस का, वहिनी, गाडी तुमी थांबवली नव्हती. मना ठाव हाय. मी गाडीत होते.

अकरा वर्सांच्या पोरीनं मान हलवली त्याचा राग मी कवाच धरला नाय. तिची आई तिच्यासमोर गेली, ते मी बगितलंय. तुज्या अंगावर माजा शेला मीच टाकला होता. मोठ्या मान्सांचा राग आला. नवऱ्याचा आला. आठ दिवसांचाच नवरा, पण तेवढ्यात त्याची सगळी वळख पटली.

पण मनी, तू अकराची राहिली नाय. एकवीसची झालीस, एकतीसची झालीस. पोरांना शिकवलंस. पनवेल आपट्यापासून किती लांब हाय? माजा बाप मरताना म्हणाला, पोरी, खरं सांग, तूच थांबवलीस ना? माज्या बापाला पण खरं वाटलं नाय. तवा तू येऊन सांगितलं असतंस तर तो निवांत गेला असता. ते मी नाय विसरत.

तू माफी मागतेस. माज्याकडं काय मागतेस? आनी मना काय सांगतेस? ज्यांना ठाव नाय त्यांना सांग. तुज्या भाच्याची हळद हाय म्हणं, त्याच गावात. सगळ्या बाया येतील. तिथं उभी राहा आनी सांग. विघ्न येईल म्हणून गप बसशील तर मग यापुढं मना पत्र टाकू नको. माफीचं नंतर बगू.

गाडीत बसलीस का आवळासुपारी तोंडात धर. लिंबानं काय होत नाय.

कमळाबाई
(सांगितलं तसं लिहिलं आहे. प्रांजल.)


द्रोणागिरी
२६ फेब्रुवारी २०२५

ती. कमळावहिनींस,
मनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. काय काय झालं ते सगळं लिहिते, त्यातलं काही झाकत नाही.

हळदीच्या दिवशी धवलारीण पान खायला थांबली, तेव्हा मी उठले. भाविकाने डीजे बंद करायला लावला. मांडवात गावच्या सगळ्या बायका होत्या, काशिरामदादाची बहीण रेवाआक्काही होती. मी तुमचं नाव तुमच्या वडिलांच्या नावासकट घेतलं आणि सांगितलं की ती गाडी माझ्यासाठी थांबली, मला उलटी होत होती, तुमचा त्यात काडीचा दोष नव्हता, आणि मी खोटी मान हलवली. ऐकू येत नसल्यामुळे माझा आवाज किती चढला ते मला समजलं नाही. बाहेर पुरुषांच्या पंगतीपर्यंत गेला म्हणतात.

माझा भाऊ मांडवाच्या तोंडाशी उभा होता. त्याच्या हाताला मुलाची हळद होती. तो तसाच निघून गेला. लग्नात तो माझ्याशेजारी उभा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि मला ऐकू येत नाही म्हणून त्याने कागदावर लिहून विचारलं की दर वर्षी आईचं पान ठेवल्यावर मी त्या बाईला शिव्याशाप देत आलो, पोरांनाही तेच शिकवलं, त्याचं आता काय करू? त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. तो बोलला नाही तर मी मरेपर्यंत रडेन, पण त्याला दोष देणार नाही.

मी बोलून झाल्यावर बायकांची तोंडं हलताना दिसत होती. रेवाआक्का काहीतरी म्हणाली आणि चार-दोघी हसल्या. काय म्हणाली ते मी भाविकाला विचारलं. ती सांगेना; मी हट्टच धरला तेव्हा तिने लिहून दिलं. रेवाआक्का म्हणाली होती, मग आता काय, तिला पुन्हा नांदायला आणायची का?

हे तुम्हाला कळवू नये असं फार वाटलं. पण मग माझ्यात आणि त्या अकरा वर्षांच्या मुलीत फरक काय राहिला असता?

वहिनी, मला वाटत होतं की मी एकदा खरं बोलले की तुमचं काहीतरी तुम्हाला परत मिळेल. मी बोलले, त्या हसल्या आणि हळद पुढे सुरू झाली. तुमचे वडील तर केव्हाच गेले. तुम्हाला कोणी काही परत दिलं नाही, मीही नाही.

उत्तर लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमची अपराधी,
मनी