बाईसाहेबांच्या तब्येतीत सुधारणा

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. शाळेत पी.टी. शिकवत होतो तोवर पोरांना शिस्त लावली, आता रिटायर झाल्यावर स्वतःला. मुख्य विषय: बाईसाहेब, म्हणजे आमची मांजर. वय सोळा, स्वभाव हेडबाईंचा. जबड्यात गाठ निघाली आहे. जनावरांच्या डॉक्टरबाई घरी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, आता इलाज नाही, फक्त सोय करायची. मऊ अंथरूण, आवडेल ते पातळ खाणं, शी-शूसाठी बुटक्या काठाचा मातीचा ट्रे, आणि सकाळ-संध्याकाळ गालात थेंब सोडायचे. थेंबांनी गाठ जाणार नाही, दुखणं तेवढं थांबेल. तिला पुरे झालं असं वाटलं की फोन करा, मी इंजेक्शन देईन, झोपेतच जाईल. बायको रडली. मी रडलो नाही. डॉक्टर लोक फार लवकर हात टेकतात.

४ मार्च, बुधवार
थेंब माझ्याकडे. बायकोला तिचा जबडा धरवत नाही. बाईसाहेबांनी आज वाटी चाटून पुसून साफ केली आणि सोफ्यावर चढल्या. मुलीला फोन करून सांगितलं की सुधारणा आहे. ती म्हणाली, बाबा, ती थेंबांची कमाल. मुलांना बापाला श्रेय द्यायचं जिवावर येतं.

५ मार्च, गुरुवार
फिटनेस कार्यक्रम आखला. सकाळी गॅलरीत कोवळं ऊन, मग हॉलला तीन फेऱ्या. बाईसाहेबांनी अर्धी फेरी मारली आणि माझ्या चपलेवर बसल्या. वॉर्म-अप धरला. शिट्टी वाजवल्यावर पलंगाखाली धावल्या. स्प्रिंट धरली. बायकोने शिट्टी काढून घेतली.

७ मार्च, शनिवार
विचार केला. थेंब दिले की बाईसाहेब पेंगतात. डोळे स्टाफ मीटिंगमधल्या मास्तरांसारखे. जी बरी होते आहे तिला गुंगीचं औषध कशाला? कुबडी काढल्याशिवाय पोरगं चालत नाही, हा माझा अनुभव. सकाळचे थेंब बंद. बायकोला सांगितलं नाही. उगाच नन्नाचा पाढा सुरू करेल.

८ मार्च, रविवार
कमाल! दिवसभर टक्क जाग्या. पलंगाखाली बसून घुरघुर, घुरघुर. एवढी घुरघुर गेल्या वर्षभरात ऐकली नव्हती. मांजर खूश असल्याशिवाय घुरघुरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खाणं थोडं कमी. वजन आटोक्यात राहील.

१० मार्च, मंगळवार
संध्याकाळचेही बंद. आता पूर्ण नैसर्गिक. बाईसाहेबांची बैठक बघण्यासारखी: चारी पाय अंगाखाली, पाठ कमानीसारखी, हलणं नाही. पोरांना बत्तीस वर्षं सांगून अशी बैठक जमली नाही. घुरघुर अखंड.
बायको म्हणते चेहरा वेगळाच दिसतोय, डोळे अर्धवट मिटलेत, डॉक्टरबाईंना फोन करू या. मी तिला पलंगाशी बसवून घुरघुर ऐकवली. फोनचं राहिलं. मग विचारलं, थेंब वेळेवर चाललेत ना? म्हटलं, हो, वेळेवर. (बाटली वेळेवर उघडतो, हे खरंच आहे.)

१२ मार्च, गुरुवार
हनुवटी खाजवायला गेलो तर पंजा मारला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. रक्त आलं. मनगटात जोर आलाय म्हणायचा! उद्यापासून फेऱ्या पुन्हा सुरू.

१३ मार्च, शुक्रवार
फेऱ्या झाल्या नाहीत. वाटीला तोंड लावलं नाही. बायकोने मला न विचारता फोन केला. डॉक्टरबाई उद्या येणार. मी चिडलो. ती म्हणाली, तिला जाऊ द्या आता. मी म्हणालो, ती गेली तर दुपारभर मी या घरात कुणाशी बोलू? बायको उठून आत गेली. तिच्यासमोर असं म्हणायला नको होतं. पण खरं आहे. मला ती जायला नको आहे.
असो. डॉक्टरबाईंना उद्या घुरघुर ऐकवायची. बघू काय म्हणतात.

१४ मार्च, शनिवार
डॉक्टरबाई आल्या. मी छाती काढून सांगितलं की थेंब बंद केल्यापासून बघा कशी घुरघुरते. त्या पलंगाखाली वाकल्या. पुष्कळ वेळ वाकूनच होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या की मांजर खूश असली की घुरघुरते, आणि दुखणं सोसवेनासं झालं तरी घुरघुरते. स्वतःच स्वतःची समजूत घालते. पोक काढून बसते तीसुद्धा दुखतं म्हणूनच.
मी म्हणालो, पण जोर आला होता. डॉक्टरबाईंनी बॅग उघडली.
आधी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि सगळे थांबलो. हळूहळू घुरघुर बंद झाली. तिने पाय पसरले, अंग सैल सोडलं, बायकोच्या मांडीवर मान टाकली. मग दुसरं इंजेक्शन.
डॉक्टरबाई गेल्यावर बायकोने एवढंच विचारलं, कधीपासून बंद होते? सांगितलं.

१५ मार्च, रविवार
कार्यक्रम नाही.
मुलीचा फोन आला. रडत होती. बाईसाहेबांना फार त्रास झाला का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, शेवटी नाही. ती म्हणाली, बरं झालं बाबा, तुम्ही होतात थेंब द्यायला.
बायको शेजारीच उभी होती.