सफरचंदाचे खांब आणि शेवग्याची भाजी

कुंडल,
रविवार, भर दुपार

तीर्थस्वरूप लालासाहेब दाजी यांस,

जयराजचा नमस्कार. इकडे सगळे सुखरूप आहेत, म्हणजे माणसं सुखरूप आहेत. झाडांचं पुढे सांगतो. तुमचा गुडघा कसा आहे? ताईला विचारलं तर ती म्हणते, गुडघ्याला काहीएक झालेलं नाही, अवकाळीला वैतागून द्राक्षबाग काढल्यापासून हे मोकळ्या रानाकडे पाठ करून ओसरीवर बसतात आणि उंबरा ओलांडत नाहीत. (ताई लहानपणापासून चहाडखोर.) फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

फौजेतून रिटायर होऊन आलो आणि ऊस मोडून सफरचंद लावलं, तेव्हा सगळं गाव हसलं. तुम्ही मात्र ‘लाव, बघू’ म्हणालात, ते मी विसरलेलो नाही. यंदा पहिली फळं धरली आहेत. हिमाचलात ड्यूटीवर असताना मी सफरचंदाच्या बागा डोळे भरून पाहिल्या, पण नजर सगळी फळांवर. झाड कशाला बांधलंय ते पाहायचं राहूनच गेलं. ही कलमं मुळाला हलकी, आधाराशिवाय वाऱ्याला टिकत नाहीत. वळवाचे वारे सुटलेत आणि क्रांतीने (बायको माझी, पण बाजू कायम तुमची घेते) निक्षून सांगितलंय, ‘यंदा झाडं आडवी झाली तर हितं परत ऊस. मग रडायचं न्हाई.’

गेल्या वर्षी आधी बांबू आणले. दिसायला झकास होते. वाळवीने ते जमिनीखालून असे फस्त केले, की महिन्याभरात बांबूच झाडांच्या आधाराने उभे राहिले.

मग शेजारचे भाऊसो म्हणाले, ‘आरं, बांधावरचा शेवगा तोड की गड्या. आयते खांब!’ तोडला. सरळ सरळ फांद्या निवडल्या, दोरी धरून रोवल्या, आणि ‘दाहिने सज’ केलेली पलटण उभी असावी तशी ती ओळ बघून स्वतःवरच खूश झालो. (शेवग्याची फांदी रोवली की जगते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मी इतकी वर्षं बाहेर होतो, हे लक्षात घ्यावं.) ठिबकचं पाणी सोडलं सफरचंदासाठी, प्यायलं खांबांनी. आता खांब झाडांच्या वर गेलेत. बाया बाग बघायला म्हणून येतात आणि ओटीभर पाला ओरबाडून नेतात. सफरचंदाचं कुणी नावसुद्धा काढत नाही. परवा मेंढरंवाल्या धोंडुबाई अगदी पडेल चेहऱ्याने आल्या. ‘आवं, माज्या शेळीनं तुमचा खांब खाल्ला. रागावू नगा.’ फौजेत असा रिपोर्ट कधी ऐकला नव्हता. क्रांती रोज ताटात शेवग्याच्या पाल्याची भाजी वाढते आणि म्हणते, ‘खावा, खांब हाय.’

काल वाऱ्यात त्यातला एक खांब मोडला. शेवग्याचं लाकूड ते, ठिसूळच. झाड वाचलं, खांब भाऊसोंच्या वांग्यांवर पडला. (सल्ला ज्याचा त्याला परत मिळाला.) क्रांतीने सगळं पाहिलं आणि भाऊसोंना उसाच्या बेण्याचा भाव विचारला. ती भाव विचारते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

ताईला नमस्कार. पत्र तिला वाचायला देऊ नये.

तुमचा मेहुणा,
जयराज (शेवगेवाला)

ता. क. : तुमच्या द्राक्षबागेच्या मांडवाचे खांब, ते लोखंडी अँगल, गोठ्यामागे रचून ठेवलेत म्हणे. भंगारवाल्याला तुम्ही हात लावू दिला नाही, हे फार बरं केलंत. ते मला द्या.

आणखी एक ता. क. : क्रांतीने पत्र वाचलं. म्हणाली, ‘अँगलचं काय घिऊन बसलाय? दाजींस्नी बोलवा की.’ खरं तेच आहे. मी खांब रोवीन, पण त्यांच्यावरून ओढायच्या तारेला ताण कुठून आणि किती द्यायचा ते मला येत नाही. आणि खरं सांगू, तुम्ही रानाकडे पाठ करून बसलेलं मला सोसत नाही. हे पत्र आणणारा आमच्या गावचा धुळा टेम्पो घेऊन तुमच्या दारात उभा आहे. अँगल नाही दिलेत तरी चालेल. पुढची सीट मात्र रिकामी आणायची नाही, असं त्याला बजावलंय. कपडे शोधत बसू नका. दाराआड बघा, क्रांतीच्या फोनवरून ताईने तुमची पिशवी आधीच भरून ठेवली आहे. तार ओढायची तुमची पक्कडही तिने त्यातच घातली आहे.